समुद्र तापला की मासे ‘उत्तरेला जातात’ म्हणजे नक्की काय होतं?

भरतीओहोटी (धागाकर्ता)

‘मासे ध्रुवांकडे निघाले’ अशी बातमी हल्ली अधूनमधून दिसते. बातमी खोटी नसते. पण ती वाचून डोळ्यांसमोर येतं ते असं: उकाडा सोसेना म्हणून बिऱ्हाड आवरून थंड हवेच्या गावी निघालेलं कुटुंब. समुद्रात जे चाललंय ते याहून विचित्र आहे आणि माझ्या मते याहून क्रूरही. म्हणून हा धागा.

हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र पोटात घेतो. पाणी सावकाश तापतं, त्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान जमिनीपेक्षा हळू वाढतंय. तरीही सागरी जीव जमिनीवरच्या जिवांपेक्षा कितीतरी जोरात सरकतायत. जगभरच्या नोंदी एकत्र करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सागरी प्रजातींच्या पट्ट्याची (म्हणजे प्रजाती जिथे आढळते त्या प्रदेशाची) थंडीकडची कड दर दशकाला सरासरी सुमारे ७२ किलोमीटर पुढे जाताना दिसली. जमिनीवरचा वेग याच्या पासंगालाही पुरत नाही.

पाणी कमी तापतंय तर वेग जास्त कसा? जमिनीवर उंचसखलपणा आहे. पाचशे मीटर डोंगर चढला की जुनं तापमान परत मिळतं. ते नाही जमलं तर बीळ आहे, झाडाची सावली आहे. उघड्या समुद्रात एका अंशाचा फरक पडायला शेकडो किलोमीटर जावं लागतं. त्यामुळे पाणी अर्ध्या अंशाने तापलं तरी समताप रेषा (सारख्या तापमानाच्या जागा जोडणारी नकाशावरची रेषा) लांबवर सरकते, आणि तिच्यामागून जीव. शिवाय बऱ्याच सागरी जिवांना सोसणाऱ्या कमाल तापमानाच्या अगदी जवळ राहायची सवय असते. २०१९ मधल्या एका तुलनेत असं निघालं की तापमानामुळे एखाद्या ठिकाणाहून प्रजाती पूर्ण नाहीशी होण्याचं प्रमाण समुद्रात जमिनीच्या दुप्पट आहे.

आता मुद्दा. पट्टा सरकतो म्हणजे बहुतेक वेळा मोठा मासा पोहत दुसरीकडे जातो असं नसतं. एका कडेला अंडी जगेनाशी होतात आणि दुसऱ्या कडेला, जिथे ती आजवर मरत होती, तिथे जगायला लागतात. पूर्ण वाढलेला मासा बऱ्यापैकी उष्णता सहन करतो. भ्रूण आणि अंडी घालायला आलेले मासे मात्र फारच कमी सहन करतात. म्हणजे नकाशावर जो बाण आपण काढतो त्याच्या शेपटाकडे मरणं आहेत आणि टोकाकडे जन्म. मध्ये प्रवास असेलच असं नाही.

टास्मानियाचं उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीच्या आग्नेय किनाऱ्यावर लांब काट्यांचा एक सी अर्चिन असतो (चेंडूएवढा, काळसर, सगळीकडून काटे). त्याचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली तरंगती पिल्लं, १२ अंशांखालच्या पाण्यात नीट वाढत नाहीत. पूर्व ऑस्ट्रेलियाचा उष्ण प्रवाह गेल्या काही दशकांत सुमारे ३५० किलोमीटर दक्षिणेला पोचला, टास्मानियाचं हिवाळी पाणी १२ अंशांवर राहू लागलं, आणि १९७८ साली हा अर्चिन टास्मानियाच्या मुख्य बेटाच्या किनाऱ्यावर नोंदला गेला. प्रौढ अर्चिन तळावरून रांगत जेमतेम थोडं अंतर कापतो. सामुद्रधुनी ओलांडली ती पिल्लांनी, प्रवाहावर बसून. आता तिथे केल्पची (उंच वाढणाऱ्या समुद्री शैवालाची) जंगलं खाऊन त्याने खडक उघडे पाडलेत.

बाकीची उदाहरणं प्रतिसादांतून येऊ द्या.

---

मधली_सुट्टी

रुमाल टाकून ठेवतेय. प्रवाळही सरकतात का? ते तर चिकटून असतात ना?

---

लाटाळ

@मधली_सुट्टी, सरकतात, आणि धागाकर्त्याचा मुद्दा त्यांच्यात सगळ्यात स्वच्छ दिसतो. प्रवाळाची वसाहत एक इंचही हलत नाही, पण तिची पिल्लं वाहत जातात. जपानमध्ये १९३० च्या दशकापासूनच्या नोंदी तपासून २०११ साली दाखवलं गेलं की काही उष्णकटिबंधीय प्रवाळ प्रजातींचा पट्टा वर्षाला १४ किलोमीटरपर्यंतच्या वेगाने उत्तरेला वाढला.

पण लगेच ‘चला, प्रवाळ वाचले’ म्हणू नका. प्रवाळाच्या पेशींत शैवाल राहतं, त्याला उजेड लागतो. जितकं ध्रुवाकडे जाल तितका हिवाळ्यातला उजेड कमी, आणि तो पाणी तापल्याने वाढत नाही. त्यात थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, म्हणजे सांगाडा बांधायला लागणारी खनिजं मिळणं अवघड. तापमानाची अडचण सुटली की पुढे या दोन उभ्या.

मूळ लेखात ऑक्सिजन राहिला, तो जोडतो. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. त्याच वेळी थंड रक्ताच्या जिवाचा चयापचय वाढतो, त्याला ऑक्सिजन जास्त हवा असतो. मागणी वर, पुरवठा खाली. मासा ‘उष्णतेने’ गेला असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा तो ऑक्सिजनच्या हिशेबात हरलेला असतो. मोठ्या आकाराच्या माशांना हा हिशेब आधी नडतो.

---

शंकेखोर

लेख चांगला आहे, पण थोडं विरजण घालतो.

एक, हे नवीन नाही. १९२० च्या दशकात उत्तर अटलांटिक तापला तेव्हा ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याने कॉड हा मासा हजारेक किलोमीटर उत्तरेला पसरला होता. २०२५ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ऑक्टोपस माजले म्हणून केवढा गाजावाजा झाला; तसेच ते १९०० आणि १९५० च्या सुमारासही माजले होते.

दोन, मासेमारी. दक्षिणेकडचे मासे उपसून संपवले की उरलेल्यांचं ‘केंद्र’ नकाशावर आपोआप उत्तरेला जातं. कोणी सरकलेलं नसतं, फक्त एक बाजू रिकामी झालेली असते. दोन्हींत फरक कसा करणार?

---

भरतीओहोटी

@शंकेखोर, दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, तो आधी घेतो.

उत्तर समुद्रातल्या (ब्रिटन आणि नॉर्वे यांच्यामधल्या ‘नॉर्थ सी’तल्या) कॉडबाबत नेमका हाच वाद झाला. तिथे तापमान आणि मासेमारी दोन्हींचा हात आहे, यावर आता फारसं दुमत नाही. म्हणूनच ज्यांना कोणी पकडत नाही अशा जिवांकडे बघायचं. १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे एक यंत्र ओढलं जातं. त्यात रेशमाची पट्टी हळूहळू गुंडाळत जाते आणि तिच्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) अडकतात. ॲलिस्टर हार्डींनी सुरू केलेला हा उद्योग आजही चालू आहे. त्या पट्ट्यांवरून २००२ साली दाखवलं गेलं की ईशान्य अटलांटिकमध्ये उबदार पाण्यातले कोपेपॉड (तांदळाच्या कणीहून लहान कवचधारी) चार दशकांत सुमारे १० अक्षांश उत्तरेला गेले, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर. कोपेपॉडवर कोणी जाळं टाकलं नव्हतं.

खोलीचाही पुरावा आहे. उत्तर समुद्रातल्या तळाच्या माशांचा समूह दर दशकाला सरासरी ३.६ मीटर खोल गेला.

पहिल्या मुद्द्याबद्दल: ग्रीनलंडचा कॉड हा माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. पाणी तापलं, तो वर गेला. १९६० च्या दशकाअखेर पाणी थंडावलं आणि मासेमारीही बेसुमार होती, तेव्हा तो कोसळला. तापमान माशांना हलवतं याचा याहून जुना पुरावा कुठला हवा? फरक इतकाच की तेव्हा एक कोपरा तापला होता; आता टास्मानिया, जपान, बॅरंट्स समुद्र, अमेरिकेचा पूर्व किनारा सगळीकडे एकाच काळात तेच दिसतंय.

ऑक्टोपसबाबत मात्र सहमत. एका वर्षाच्या उधाणावरून पट्टा सरकला असं म्हणायचं नसतं.

---

गणिती

सगळे ध्रुवाकडेच जातात हे गृहीत धरू नका. प्रजाती ‘उत्तर’ शोधत नाही. जवळपास जिथे आधीसारखं पाणी आहे तिथे तगते. किनाऱ्याची ठेवण, खोली, खालून वर येणारं थंड पाणी यांमुळे समताप रेषा कुठेही वळते. उत्तर अमेरिकेभोवतीच्या सर्वेक्षणांवरून २०१३ साली हेच दिसलं. मेक्सिकोच्या आखातात उत्तरेला जमीन आहे, तिथे प्राणी खोल पाण्याकडे गेले. स्थानिक तापमानाची दिशा बघितली की बरेचसे ‘चुकार’ सरळ होतात.

आणि काही खरोखरच उलटे जातात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगत तळावर राहणाऱ्या कित्येक अपृष्ठवंशी जिवांचं २०२० मध्ये हे लक्षात आलं. पाणी लवकर तापतं म्हणून ते अंडी लवकर घालतात. पण त्या लवकरच्या हंगामात प्रवाह नैर्ऋत्येला जास्त जोराने वाहतो. पिल्लं वाहून जातात ती आणखी गरम पाण्यात, आणि तिथे मरतात. प्रजातीचा पट्टा उन्हाच्या दिशेने सरकत आक्रसतो. शहाणपणाने जागा बदलणारा मासा डोक्यातून गेल्याशिवाय हे समजूच शकत नाही, त्यामुळे मूळ लेखाला +१.

---

काचेची_होडी

कोपेपॉडचा विषय निघालाच आहे तर राइट व्हेलची गोष्ट सांगायलाच हवी.

उत्तर अटलांटिक राइट व्हेल म्हणजे जेमतेम काही शे उरलेला देवमासा. त्याचं मुख्य खाणं थंड पाण्यातला एक चरबीदार कोपेपॉड. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतचं मेनचं आखात जगातल्या बहुतेक समुद्रांपेक्षा वेगाने तापलं, २०१० नंतर तिथला हा कोपेपॉड कमी झाला, आणि देवमासे अन्नामागे कॅनडाच्या सेंट लॉरेन्सच्या आखातात जाऊ लागले. जहाजांचा वेग कमी करण्याचे, खेकड्यांच्या सापळ्यांच्या दोरांवरचे सगळे नियम जुन्या जागी होते. नव्या जागी काहीच नव्हतं. २०१७ या एका वर्षात १७ मेलेले सापडले, त्यातले १२ कॅनडाच्या पाण्यात. जहाजांची धडक आणि दोरांत अडकणं ही मुख्य कारणं. त्यानंतर कॅनडाने घाईने वेगमर्यादा आणि मासेमारीबंदीचे नियम आणले.

इथे तापमानाने थेट कोणालाच मारलं नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं.

---

शीड_सुकाणू

आता भांडणांकडे या, खरी गंमत तिथे आहे. (गंमत म्हणजे... असो.)

१९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचं मासेमारीचं हक्काचं पाणी त्या त्या देशाचं. रेषा पक्क्या, मासे नाहीत.

ईशान्य अटलांटिकमधला मॅकरेल, आपल्या बांगड्याच्या नात्यातला, युरोपीय संघ आणि नॉर्वे वगैरे मंडळी वाटून घेत. आइसलंडची पकड २००६ पर्यंत नावापुरती होती. मग मासा पश्चिमेला पसरला आणि २००८ साली आइसलंडने एक लाख टनांहून जास्त मॅकरेल पकडला. बाकीचे म्हणाले हा आमचा मासा. आइसलंड म्हणाला, आमच्या पाण्यात चरतो, आमचं खाणं खाऊन वजन वाढवतो, मग तुमचा कसा? वाटाघाटी फिसकटल्या, प्रत्येकाने आपला कोटा स्वतःच ठरवला, आणि सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांच्या सल्ल्याच्या वर गेली. २०१९ मध्ये शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र निलंबित झालं. आणि कळस असा की २०२० च्या सुमारास मॅकरेल आइसलंडच्या पाण्यातून पुष्कळसा ओसरलाही.

एकाच देशातही हेच. अमेरिकेत समर फ्लाउंडर या चपट्या माशाचा राज्यनिहाय कोटा १९८० च्या दशकातल्या पकडीवर बेतला गेला, सर्वांत मोठा वाटा नॉर्थ कॅरोलिनाला. मासा उत्तरेला गेला, कोटा दक्षिणेतच राहिला. मग नॉर्थ कॅरोलिनाच्या बोटी शेकडो किलोमीटर वर जाऊन मासे पकडणार आणि उतरवायला परत खाली येणार. मासा वाचावा म्हणून केलेल्या नियमामुळे जास्तीचं डिझेल जळतंय!

---

शंकेखोर

म्हणजे उत्तरेकडच्यांची चांदीच की. मेन राज्याच्या लॉबस्टरवाल्यांनी बक्कळ कमावलं असं ऐकलंय.

---

शीड_सुकाणू

@शंकेखोर, कमावलं हे खरं. दक्षिण न्यू इंग्लंडमधला लॉबस्टर १९९० च्या दशकाअखेरीपासून कोसळला आणि मेनमध्ये पकड वाढत २०१६ साली सुमारे ६० हजार टनांवर गेली. तेव्हापासून उतरती आहे. चांदी असते, पण तेजीची लाट तुमच्या किनाऱ्यावरून पुढे जाईपर्यंत. तोवर लोकांनी कर्ज काढून बोटी घेतलेल्या असतात.

---

उत्तरमुखी

आयडी उत्तरमुखी असून मी विचारणार आहे की ज्यांना उत्तरच नाही त्यांचं काय?

भूमध्य समुद्र बघा. वर युरोप आडवा. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर तांबड्या समुद्रातले जीव आत शिरतच होते, पण हिवाळ्याचं थंड पाणी पुष्कळांना अडवायचं. आता ते अडवत नाही. सशासारखं शैवाल कुरतडणारे रॅबिटफिश, सिंहमासे, आणि २००३ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा सापडलेला विषारी पफरफिश. दुसरीकडे स्थानिक जिवांना पळायला जागा नाही. इस्रायलच्या उथळ वाळूतळावर पूर्वी नोंदलेल्या स्थानिक शंखशिंपल्यांच्या प्रजातींपैकी २०२१ च्या अभ्यासात १२ टक्केच सापडल्या.

हिंदी महासागर तर याहून अडचणीत. २५ अंश उत्तरेच्या आसपास आशिया खंड वाट अडवतो. पॅसिफिक किंवा अटलांटिकसारखा ध्रुवापर्यंतचा रस्ताच नाही. तारली (ऑइल सार्डिन) पूर्वी मुख्यतः ८ ते १४ अंश उत्तर या मलबार पट्ट्यातली. १९८० च्या दशकाअखेरीपासून ती त्याच्या वरही आणि पूर्व किनाऱ्यालाही मोठ्या प्रमाणात मिळू लागली. वर जाऊन जाऊन जाणार किती?

मग खोल जावं? बांगड्याचं तसं दिसतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या आकड्यांनुसार १९८५-८९ मध्ये बांगड्याच्या पकडीतला साधारण २ टक्के वाटा तळाच्या ट्रॉल जाळ्यांतून यायचा, २००३-०७ मध्ये तो १५ टक्क्यांच्या आसपास गेला. पण अरबी समुद्रात साधारण १५० मीटरखाली ऑक्सिजन जवळपास नसलेला जाड थर आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांपैकी एक. लाटाळ यांनी सांगितलेला हिशेब इथे लावा. वरून उष्णता, समोर जमीन, खालून गुदमर.

---

शंकेखोर

ट्रॉलर वाढले, जाळ्यांची तोंडं मोठी झाली, म्हणूनही ट्रॉलमधला बांगडा वाढू शकतो.

---

उत्तरमुखी

वाढू शकतो, आणि म्हणून या एका आकड्यावर मी इमला बांधणार नाही. तारलीचंही तसंच, तिचं वर-खाली होणं एल निन्यो, पाऊस, खालून वर येणारं पाणी आणि बेसुमार पकड अशा चार दोऱ्यांनी हलतं. जमिनीचा अडसर आणि ऑक्सिजनचा थर मात्र कुठल्याही जाळ्यावर अवलंबून नाही.

---

लाटाळ

‘ज्यांना उत्तरच नाही’ यात उत्तरेतलेही आले. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रातला स्नो क्रॅब हा खेकडा हिवाळी बर्फामुळे तळाशी साठणाऱ्या थंड पाण्यात राहतो. २०१८ मध्ये त्याची संख्या उच्चांकी होती. २०१८-१९ च्या उष्ण लाटेत तो थंड पट्टा जवळपास नाहीसा झाला. २०२१ पर्यंत हजार कोटींहून अधिक खेकडे गायब, २०२२ मध्ये इतिहासात पहिल्यांदा ती मासेमारी बंद. २०२३ मधल्या विश्लेषणाचा निष्कर्ष असा की पाणी थेट प्राणघातक नव्हतं. गरम पाण्यात भूक वाढली, कमी जागेत दाटी झाली, आणि खेकडे उपाशी मेले.

---

मधली_सुट्टी

बापरे. उष्ण कटिबंधातून मासे गेले तर त्यांच्या जागी कोण येणार? विषुववृत्ताच्या पलीकडून तर अजून गरम पाण्यातला कोणी यायचा नाही.

---

भरतीओहोटी

@मधली_सुट्टी, कोणी नाही. पॅरिस किंवा लंडनच्या बातम्यांत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण त्यांच्याकडे दक्षिणेतून कोणीतरी येतच असतं. विषुववृत्तावर नुसती वजाबाकी.

पैशात बघायचं तर पॅसिफिकमधला ट्यूना घ्या. किरिबाती, तुवालू यांसारख्या द्वीपराष्ट्रांच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग परदेशी ट्यूना बोटींच्या परवाना शुल्कातून येतो. २०२१ मधल्या अंदाजानुसार उत्सर्जन चढंच राहिलं तर २०५० पर्यंत अशा दहा छोट्या द्वीपराष्ट्रांच्या पाण्यातली पर्स-सीन (माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांची) पकड सरासरी २० टक्क्यांनी घटू शकते, कारण ट्यूना पूर्वेला आणि त्यांच्या हद्दीबाहेरच्या खुल्या समुद्रात जाईल. ज्या देशांचा या उष्णतेत वाटा नगण्य, त्यांचा मासा कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या पाण्यात, जिथे ज्याच्याकडे मोठी बोट तो राजा.

---

गणिती

निदान एके ठिकाणी मासे पोचायच्या आधी नियम पोचलाय. मध्य आर्क्टिकच्या खुल्या समुद्रात व्यापारी मासेमारी करायची नाही, असा करार २०१८ मध्ये झाला आणि २०२१ मध्ये अमलात आला. नऊ देश (डेन्मार्कची सही ग्रीनलंड आणि फेरो बेटांसाठी) आणि युरोपीय संघ, म्हणजे रशिया, अमेरिका, चीन एकाच कागदावर. मुदत १६ वर्षं, पुढे कोणी हरकत घेतली नाही तर दर पाच वर्षांनी वाढणार.

---

शंकेखोर

२०३७ पर्यंत. आणि ‘कोणी हरकत घेतली नाही तर’. मॅकरेलवर ज्यांचं जमलं नाही तीच मंडळी यातही आहेत ना?

---

शीड_सुकाणू

आहेत. आइसलंड, नॉर्वे, युरोपीय संघ, आणि फेरो बेटं डेन्मार्कमार्फत. पण एक फरक आहे: मॅकरेलच्या वेळी प्रत्येकाच्या जाळ्यात आधीच मासा होता. इथे अजून कोणाचीच बोट नाही, कोणाचं कर्ज नाही, कोणाचा ‘पारंपरिक वाटा’ नाही. या काळात संयुक्त सर्वेक्षण करायचं हेही करारातच आहे. त्यातून मोठे साठे सापडले नाहीत, तर २०३७ ला हरकत घ्यायला कोणाला कारण उरणार नाही. सापडले, तर शंकेखोर म्हणतात तसं होईल.